घरकोंबडा

नेव्हिल पेटिफरला सगळे नेव्ह म्हणत, आणि फुटबॉलची पोरं पारखावीत तर नेव्हनेच, याबद्दल मेलबर्नपासून पर्थपर्यंत कुणाचं दुमत नव्हतं. एकवीस वर्षं तो मेलबर्नच्या हेरन्स क्लबसाठी हेच काम करत होता. शनिवारी पहाटे गाडी काढायची, दोन-तीनशे किलोमीटर हाकायची, कुठल्यातरी गावच्या मैदानावर गोलच्या खांबांमागे घडीची खुर्ची टाकायची आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरांकडे बघत वहीत खुणा करायच्या. पोरगा किती पळतो हे आता यंत्रंही सांगतात हो. ऑस्ट्रेलियातल्या या फुटबॉलमध्ये चेंडू हातांनी झेलतात आणि हातातून सोडून लाथेने मारतात. नेव्ह बघायचा, हातातला झेल सुटल्यावर पोरगा काय करतो ते. मान खाली घालतो, सोबत्यावर खेकसतो, की गप्प वळून चेंडूमागे धावतो.

रोरी क्विलिगन गप्प वळून धावायचा. कोरिंगलचा पोरगा, मेलबर्नपासून गाडीने तीन तासांवर, पश्चिमेच्या गवताळ पट्ट्यातला. घरी दोनशे गायी. पहाटेची धार काढून मॅचला यायचा, कानामागे कधीकधी शेण सुकलेलं असायचं, आणि उडी मारायचा ती अशी की समोरच्या पोराच्या खांद्यावर गुडघा टेकवून वरच्या वर चेंडू उचलायचा. अठरा क्लबांची माणसं त्याला बघायला येत होती. यंदाच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवी पोरं उचलतात त्यात, हा पहिल्या दहांत जाणार हे सांगायला कुणा ज्योतिष्याची गरज नव्हती.

पण या पोरासाठी नेव्हचा जीव तुटायचा त्याला आणखी एक कारण होतं. ते त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, तरी क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं.

रोरीचा बाप डेमियन हेरन्सकडूनच खेळला होता. बाप ज्या क्लबकडून शंभर सामने खेळला त्या क्लबला मुलगा जवळजवळ हक्काने मिळतो, असा नियम आहे. डेमियन खेळला नव्व्याण्णव. त्या काळी पन्नास सामन्यांनी भागायचं, म्हणून तेव्हा कुणी तो हिशेब केलाच नाही. नियम पुढे बदलला. पण शंभराव्या सामन्याचा मान तेव्हाही होता. सोबती खांद्यावर उचलून मैदानाबाहेर आणायचे, म्हातारेकोतारे उठून टाळ्या वाजवायचे. मोसमाच्या शेवटच्या सामन्याला डेमियनचा शंभरावा पडत होता आणि संघ निवडायला तिघं बसले होते. एक म्हणाला खेळवा, एक म्हणाला नव्या पोराला बघू. तिसरा नेव्ह. तो म्हणाला, पोराला बघू, डेमियनला काय, पुढच्या वर्षी आहेच की. पुढच्या वर्षी सरावातच डेमियनचा गुडघा गेला आणि तो गायींकडे परतला तो कायमचाच. ज्या पोराला बघायचं होतं तो पोरगा तीन सामने खेळला आणि कुठे गेला कुणास ठाऊक.

डेमियनने कधी राग धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं. उलट दर नाताळला घरच्या चीजची पेटी यायची, वर वाकड्यातिकड्या अक्षरात ‘नेव्ह आणि मंडळींना’. चार वर्षांपूर्वी उतारावर चारचाकी बाइक अंगावर उलटून डेमियन गेला. पुढच्या नाताळला चीज आलं ते त्याच्या बायकोच्या, केरिनच्या अक्षरात. ती पेटी उघडताना नेव्ह स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. त्या दिवसापासून त्याने मनाशी गाठ मारली की या माणसाचं पोर हेरन्समध्ये आणायचं, काही झालं तरी.

ड्राफ्टमध्ये तळाचा क्लब आधी उचलतो, मग त्याच्या वरचा, अशी रांग असते. पोराच्या मर्जीला तिथे काडीची किंमत नाही. ज्याने नाव पुकारलं त्याच्याकडे जायचं, मग ते तीन हजार किलोमीटर दूर का असेना. यंदा हेरन्सची पाळी अकरावी होती. रोरी फार तर सातव्यापर्यंत टिकणार होता, आणि सहाव्या पाळीवर पर्थचा क्लब टपून बसला होता.

पर्थच्या क्लबसाठी पोरं बघायचा तो टेरी बोसाक. तीस वर्षांची ओळख, एकमेकांना उल्लू बनवण्यात दोघांची हयात गेली. जूनमधल्या मोठ्या स्पर्धेत दोघं मीट-पायच्या, म्हणजे खिमा भरलेल्या पेस्ट्रीच्या, गाड्यावर भेटले. टेरीने पेस्ट्रीवर सॉस ओतत सहज म्हटल्यासारखं म्हटलं की क्विलिगनचा पोरगा त्याला फार आवडलाय.

“घे की,” नेव्ह म्हणाला. “पण तुला म्हणून सांगतो, पोरगा घरकोंबडा आहे.”

बस, एवढंच. टेरीचा घास तोंडाशीच थांबला.

या धंद्यात याहून वाईट शिवी नाही. पोरगा लंगडा असेल तर डॉक्टर आहेत, आळशी असेल तर कोच आहेत. घरकोंबड्याला काय करणार? दोन वर्षं त्याला खाऊपिऊ घालायचं, घडवायचं, आणि मग एका सकाळी तो रडवेला होऊन म्हणतो, मला आईकडे जायचंय. क्लबाची पाळी वाया. प्रत्येकाच्या वहीत अशी एकदोन नावं असतात आणि ती आठवली की प्रत्येकाचं पित्त खवळतं. तुम्ही पोरालाच विचारा म्हणाल, तर सगळे विचारतातच. आणि सगळी पोरं छाती काढून सांगतात, कुठेही जाईन. म्हणून त्या उत्तरावर कुणी विश्वास ठेवत नाही.

नेव्हने मनाला समजावलं की यात खोटं ते काय. आई एकटी आहे, गायी आहेत, बाप नाही. अशा पोराला पर्थला कशाला फेकायचं? तीन तासांवर राहील, शनिवार-रविवार आईच्या हातचं जेवेल, बापाच्या क्लबची गडद लाल जर्सी घालेल. सगळ्यांचं भलं. आता एवढं भलं करायचं होतं तर ज्याचं करायचं त्याला एकदा विचारायला नको? चार महिन्यांत नेव्ह सहा वेळा कोरिंगलला जाऊन आला, केरिनच्या हातचे स्कोन खाल्ले, रोरीबरोबर कुंपणाच्या तारा ओढल्या. तुला कुठे जायला आवडेल, एवढं साधं त्याने विचारलं नाही. त्याला उत्तर माहीत आहे असं तो धरून चालला होता.

सप्टेंबरमध्ये अॅडलेडला कुणीतरी त्यालाच कानात सांगितलं, क्विलिगनच्या पोराचं ऐकलंस का, घर सोडायला तयार नाही म्हणे. नेव्ह गालातल्या गालात हसला. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एकाकडून आलं की बाप गेल्यापासून पोराला झोप लागत नाही. मग आलं की गुडघाही बापासारखाच आहे, घरचे लपवतायत. यातलं काहीच नेव्ह बोलला नव्हता. त्याने एक शब्द सोडला होता आणि त्या शब्दाला वाटेत प्रत्येकाने आपापलं शेपूट लावलं होतं. तेव्हाच त्याने टेरीला फोन करून टाकायला हवा होता. पण नेव्हला वाटलं, छान आहे की, सातव्यालाच काय, दहाव्यापर्यंत कुणी हात लावणार नाही. माणूस असा शेण खातो.

ड्राफ्टची संध्याकाळ. हेरन्सच्या लांब टेबलाभोवती सहा जण बसले होते. टेबलाच्या टोकाला ब्रॉडी लँगफोर्ड. वय छत्तीस, क्लबात कुणाला घ्यायचं कुणाला सोडायचं याचा शेवटचा शब्द त्याचा. समोर पडद्यावर एकेक नाव येत होतं. सहावं आलं ते रोरीचं नव्हतं. पर्थने दुसराच पोरगा उचलला आणि नेव्हने टेबलाखाली मूठ आवळली. सातवं. आठवं. नववं. दहावं नावही दुसऱ्याचंच निघालं आणि नेव्हला हुंदका आवरेना. एकवीस वर्षांत त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

“क्विलिगन,” तो म्हणाला. “चला, पुकारा.”

पाच मिनिटांचं घड्याळ सुरू झालं होतं. ब्रॉडीने लॅपटॉप अर्धा मिटला आणि समजुतीच्या सुरात विचारलं की दहा क्लबांनी सोडला तो का, याचा विचार नेव्हने केलाय का. दहाच्या दहा वेडे तर नसतील. घरकोंबडा आहे हे तर सगळीकडे झालंय, पण नुसत्या त्याने पहिल्या सातांतला पोरगा अकरावर घसरत नाही. आत काहीतरी आहे. डोक्यात असेल, गुडघ्यात असेल. आणि घरकोंबडा तर घरकोंबडा. तीन तासांवरून तो दर बुधवारीच पळेल.

नेव्ह म्हणाला, त्या पोरात काही खोट नाही, मी त्याला ओळखतो.

“टेरी बोसाककडे पक्की बातमी आहे,” ब्रॉडी म्हणाला. “अगदी घरातल्या माणसाकडून. तुझ्याकडे काय आहे?”

तीन मिनिटं उरली होती. नेव्हने फक्त एवढंच म्हणायचं होतं की ते घरातलं माणूस मीच. एक वाक्य. मग सगळ्यांसमोर नाक कापलं गेलं असतं, नोकरी गेली असती, उद्या प्रत्येक मीट-पायच्या गाड्यावर लोक त्याच्याकडे बोट दाखवून हसले असते. त्याने तोंड उघडलंही. कोचने त्याच्याकडे पाहिलं, आणि नेव्हची दातखीळ बसली. मी सांगतो ना, एवढंच कसंबसं बाहेर पडलं. कोच म्हणाला, आपल्याला तसाही उंच पोरगा हवाय. ब्रॉडीने मान हलवली आणि टास्मानियाच्या एका सहा फूट सात इंची पोराचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या पाळ्या सुरू होण्याआधी नेव्हने ब्रॉडीला गाठून सगळं सांगितलं. जून, मीट-पायचा गाडा, टेरी, काही शिल्लक ठेवलं नाही. ब्रॉडीने ऐकून घेतलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पण सांगून उपयोग झाला नाही, त्याचा विश्वासच बसला नाही. मेलेल्या मित्राच्या पोरासाठी म्हातारा स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय, असंच त्याला वाटलं. “तू भला माणूस आहेस, नेव्ह,” तो म्हणाला. “पण काल आपल्याआधी दहांनी सोडला होता. आता अठराच्या अठरांनी सोडलाय.” त्या दिवशीही रोरीचं नाव आलं नाही. नंतर उरल्यासुरल्यांची छोटी यादी लागते, तीत तरी असेल म्हणून नेव्हने ती तीनदा वाचली. नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो कोरिंगलला गेला. जायचं धाडस नव्हतं, पण न जाण्याचंही नव्हतं. दुपारची धार सुरू होती. गोठ्यात यंत्र धडधडत होतं आणि केरिन रबरी एप्रन लावून एकामागून एका गायीच्या आचळांना वाट्या चढवत होती. त्याला बघून ती हसली. डोळे सुजलेले होते. थांबली मात्र नाही. गायी थोड्याच थांबतात.

कामाच्या ओघात तिने त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. गावच्या क्लबाच्या हॉलमध्ये सत्तर माणसं जमली होती. सॉसेज रोल केले होते. पोस्टातल्या बाईने अठराही क्लबांच्या रंगांचे फुगे आणून ठेवले होते, ज्याचं नाव येईल त्याचे पटकन फुगवता यावेत म्हणून. रोरीने शर्टाला स्वतः इस्त्री केली होती. पंधराव्या नावानंतर लोकांनी टीव्हीकडे बघणं सोडून दिलं आणि एकमेकांशी पावसापाण्याचं बोलायला लागले. विसाव्यानंतर रोरी उठला आणि त्याने सगळ्यांच्या बश्या गोळा केल्या, धुतल्या. दुसऱ्या दिवशी त्याने कुणाला बोलावू दिलं नाही.

“नेव्ह,” ती म्हणाली, “तुमचं त्या लोकांत उठणंबसणं आहे. माझ्या पोराबद्दल कुणीतरी काहीतरी बोललंय. मला दुसरं काही नको, कोण ते तेवढं शोधून द्या.”

“मी बोललो, केरिन.”

तिने हातातल्या वाट्या चढवल्या. मग शेजारच्या गायीला चढवल्या. मग तिसरीला.

“काय बोललात?”

त्याने सांगितलं. जसं झालं तसं सांगितलं, टेबलापाशी दातखीळ बसली तेही सांगितलं. डेमियनच्या शंभराव्याचंही सांगितलं, जे तिला वीस वर्षं माहीत होतं. पोरगा तुमच्याजवळ राहावा म्हणून केलं, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला स्वतःलाच ते घाणेरडं वाटलं.

“मी मागितलं होतं?” केरिन म्हणाली. आवाज चढला नव्हता. “त्याने मागितलं होतं? डिसेंबरपासून धारेला पलीकडच्या मळ्यातली टॅम्झिन येणार आहे, ठाऊक आहे तुम्हाला? त्याने ठरवलंय तिच्याशी. ऑगस्टमध्येच. बॅग भरून दाराशी ठेवली होती त्याने. पर्थला थंडी पडते का, हे मला तीनदा विचारलं. मी म्हटलं, जा बाबा, जितक्या लांब जाता येईल तितक्या लांब जा, या उतारांपासून जा. घरकोंबडा म्हणे. माझ्या घरात कुणी घरकोंबडा असेल तर ती मी आहे.”

नेव्ह म्हणाला, मी त्याला सांगतो. आत्ता सांगतो. मग जे व्हायचं ते होऊ दे.

“नाही,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचे हात थांबले. “त्याला सांगायचं नाही. बाप गेल्यावर तो एका माणसाचं ऐकतो, आणि ते माणूस तुम्ही. परवापासून त्याचं एकच पालुपद आहे, नेव्ह येईल, नेव्हला विचारतो. त्याच्याकडे आता तेवढंच उरलंय. तेही काढून घेऊ नका. तुमच्यासाठी नाही म्हणत मी हे. तुमचं तोंडही मला बघवत नाहीये.”

एवढ्यात रोरी आला. गुडघाभर बूट, काखेत चेंडू. नेव्हला बघून त्याचा चेहरा खुलला आणि त्याने पुढे होऊन हात मिळवला. नेव्हने तिथेच ओशाळवाणं तोंड करून सॉरी म्हटलं. रोरी म्हणाला, तुम्ही कशाला, तुम्ही तर माझ्यासाठी भांडला असाल, मला माहीत आहे. केरिन पाठ करून होती. मग पोरगा थोडा घुटमळला.

“एक विचारू? खरं सांगाल ना?” तो म्हणाला. “माझ्यात काय कमी पडलं?”

यंत्र धडधडत होतं. नेव्हने केरिनच्या पाठीकडे पाहिलं. ती वळली नाही.

काही कमी नव्हतं. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात नेव्हने इतकं कमी नसलेलं पोर पाहिलं नव्हतं. पण काही कमी नव्हतं म्हणावं, तर मग का घेतलं नाही, हा प्रश्न लगेच आलाच असता. तो पोरगा उत्तराची वाट बघत उभा होता, आणि जे सांगू ते करायला तयार होता.

“डावा पाय,” नेव्ह म्हणाला. “तुझा डावा पाय कच्चा आहे.”

खोटं होतं. या पोराचा डावा पाय मोठमोठ्या खेळाडूंच्या उजव्यापेक्षा सरस होता; नेव्हनेच ते वहीत तीन वेळा लिहिलं होतं.

रोरी क्षणभर गोंधळला. मग त्याने मान डोलावली, एकदा, दोनदा, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क हायसं वाटल्यासारखं काही उमटलं. काहीतरी होतं तर. सुधारता येण्यासारखं होतं. पुढच्या वर्षीही ड्राफ्ट असतोच. “बघता जरा?” म्हणत तो गोठ्याबाहेर पळाला.

बाहेर कुंपणाच्या दोन खांबांमध्ये त्याने डाव्या पायाने चेंडू मारला. पन्नास मीटर, सरळ, मधोमध. तो वळून नेव्हकडे बघत राहिला. आत यंत्राचा आवाज बंद झाला होता आणि केरिन दारात येऊन उभी होती. काहीतरी बोलणं भाग होतं.

“हातातला चेंडू जरा खालून सोड,” नेव्ह म्हणाला. “आणि खांदा मागे.”

रोरीने चेंडू आणला, खांदा मागे घेतला, चेंडू खालून सोडला. तो उजव्या खांबाच्या बाहेरून घरंगळत गवतात गेला.

“जमेल,” रोरी म्हणाला, आणि चेंडू आणायला धावला.